तपशिलाच्या कॉलममधलं झुरळ

जावयाने राजीनामा दिला, सासऱ्यांनी तो हातात घेतला, आणि प्रकरण मिटलं.

असं काहीही झालेलं नाही. निदान त्या घरात आणि घराखालच्या ऑफिसात सगळे तसंच धरून चालतात, तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

ऑफिस कीटकनाशक फवारणीचं होतं. वर घर, खाली ऑफिस, मागे औषधांची खोली. उंदीर, ढेकूण, वाळवी, झुरळ, जे कुणाला घरात नको असेल ते मारून देण्याचा सासऱ्यांचा जुना धंदा. त्या नको असलेल्यांत आपण मोडत नाही, असा जावयाचा लग्नापासूनचा समज होता. तो वरच्या मजल्यावर राहायचा, खालच्या मजल्यावर हिशेब लिहायचा, आणि दोन्ही मजल्यांचा त्याला सारखाच वीट आला होता. फिनेल, उंदरांसाठी कालवलेलं पीठ आणि ओला पुठ्ठा यांचा मिळून एक वास तिथे कायमचा राहायला होता. तो केसांत बसायचा आणि रात्री उशीवर उतरायचा. सासरे पंपाच्या तोटीची पिन काढून तिने कान कोरायचे, पिन पॅंटला पुसायचे आणि पुन्हा तोटीत बसवायचे. जावयाने हे एकदा पाहिलं, तेव्हापासून जेवताना तो त्यांच्या हातांकडे बघत नसे.

तरी तो टिकून होता तो पाटीच्या आशेवर.

"ऑडिटरची सही होऊ द्या, जावईबापू," सासरे म्हणाले होते. "एकदा बँकेचं खातं नीट जुळवा. मग तुम्ही भागीदार. दारावरच्या पाटीवर माझ्या नावाखाली तुमचं नाव. शब्द आहे माझा."

त्यासाठी हिशेबाचं नवं सॉफ्टवेअर आलं. बँकेच्या साइटवरून खात्याचा उतारा फाइल करून घ्यायचा, सॉफ्टवेअरच्या तोंडात घालायचा, आणि कुठला कॉलम तारखेचा, कुठला तपशिलाचा, कुठला आलेल्या पैशांचा, कुठला गेलेल्यांचा, हे त्याला एकदा समजावून सांगायचं. पहिल्या खेपेला जावयाने आलेले आणि गेलेले यांची अदलाबदल केली. सॉफ्टवेअरने जराही कुरकुर न करता कळवलं, की वीज कंपनी दर महिन्याला आपल्याला पैसे देते आणि ड्रायव्हर आपल्याला पगार देतो.

"हे छान आहे," सासरे म्हणाले. "असंच राहू द्या."

ते दुरुस्त करून तो नियमांकडे वळला. तपशिलात अमुक शब्द दिसला की नोंद तमुक खात्यात टाक, एवढाच नियम. पैसे पाठवताना गिऱ्हाइकं दोन शब्द लिहितात. 'उंदीर बिल', 'वाळवी दुसरा हप्ता'. एकाने नुसतंच 'अजून आहेत' लिहिलं होतं. आलेल्या पैशांचं असं लागलं. गेलेल्या पैशांत दर महिन्याला एक नोंद होती, 'झुरळ'. झुरळांचं औषध असणार, दुसरं काय? त्याने नियम केला: पैसे गेले आणि तपशिलात झुरळ असेल, तर खातं औषध खरेदी. वर्षभराच्या नोंदी सरसर हिरव्या झाल्या. हिरवं म्हणजे जुळलं.

लाल राहिला तो एकच माणूस. दोन्ही फवारणीवाले, ड्रायव्हर, झाडणाऱ्या मावशी, सगळ्यांचे पगार जुळले होते. जावयाचा पगार मात्र बँकेत कुठेच सापडेना. मिळत तर होता. त्याने रक्कम टाकून शोधलं. सॉफ्टवेअरने अदबीने औषध खरेदी उघडून दाखवली.

स्वतःच्या हातांनी त्याने स्वतःला विषात जमा केलं होतं.

पाठीवरून सहा पायांचं काहीतरी चालत गेल्यासारखं वाटलं. त्याने शर्ट झटकला. काही नव्हतं.

सासरे दाराशी बाकावर बसून चिकट सापळ्यावरून मेलेला उंदीर सोलून काढत होते. सापळ्याचा अर्धा भाग अजून कोरा होता, आणि कोरं टाकून देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"बाबा, माझ्या पगाराला रिमार्क काय टाकता तुम्ही?"

"काहीतरी टाकावंच लागतं हो. त्याशिवाय ते बटण पुढे जाऊ देत नाही."

"मग पगार लिहायचं."

"पगार मी काम करणाऱ्यांना लिहितो."

"जावई लिहायचं!"

"बँकेतले लोक वाचतात ते. घरजावई पाळलाय म्हणतील."

"आणि झुरळ वाचून काय म्हणतील?"

"झुरळ आपल्या धंद्यात बसतं," सासरे म्हणाले. उंदराची शेपटी चट्‌कन सुटून आली. "आणि त्यात वाईट काय आहे? चिवट जात. काहीही घाला, मरत नाही. मी मनातून आदरानेच लिहितो."

जावयाने आत जाऊन राजीनामा टाइप केला, छापला, सही केली आणि त्यांच्यापुढे धरला. सासऱ्यांनी तो घेतला. नेमकं तेव्हाच बाकाखालून एक झुरळ निघालं. खरंखुरं, तपकिरी, मिशा हलवत. समोरून गिऱ्हाईक येत होतं, आणि झुरळं मारणाऱ्याच्या दारात झुरळ दिसणं बरं नव्हे. सासऱ्यांनी राजीनाम्याची घडी घातली, ती वरून दाबली, चर्रक्‌ असा आवाज झाला, आणि सगळं मिळून डब्यात गेलं. बोटाला लागलेलं पांढरं त्यांनी पॅंटला पुसलं.

"काय होतं हो त्यात?" सासऱ्यांनी विचारलं.

डब्यात हात घालायची जावयाची छाती झाली नाही.

"काही नाही," तो म्हणाला.

गिऱ्हाइकांचे फोन त्याची बायको घ्यायची. त्याने तिला सगळं सांगितलं. ती एवढी हसली की चालू फोन तिला ठेवून द्यावा लागला.

"बाबा त्यांच्या खात्यातून मला पैसे पाठवतात ना, त्यावर 'वाळवी' लिहितात," ती म्हणाली. "कॉलेजपासून. मी कधी काही बोलले?"

"तुला किळस नाही येत?"

"वाळवी घर खाते रे. झुरळ बिचारं कोपऱ्यात बसतं. रुसायचं तर मी रुसायला हवं."

"निदान पाटीवर माझं नाव लागेल, एवढ्यासाठी मी सगळं..."

"पाटीवर आहे की तुझं नाव," बायको म्हणाली. "पाचव्या ओळीत. रंग उडालाय थोडा."

तो बाहेर जाऊन बघून आला. वर ठसठशीत अक्षरांत सासऱ्यांचं नाव. खाली उंदीर, ढेकूण, वाळवी, झुरळ. नवरा-बायकोची नावं एकाखाली एक, घराच्या पाटीवर असतात तशी. सासऱ्यांनी शब्द देण्याआधीच पाळला होता.

त्याने नियम बदलला नाही. उलट पगार खात्यातली आपली लाल ओळच काढून टाकली. पगारच नाही म्हटल्यावर तो न जुळण्याचा प्रश्न येत नाही. सगळं हिरवंगार झालं. ऑडिटर आला, खूश होऊन मान डोलवत राहिला आणि एका जागी थांबला.

"दर महिन्याला झुरळांचं औषध घेतलंय. नेमकं तेवढ्याच रकमेचं. मग साठा कुठे आहे?"

सासरे छताकडे बघू लागले.

"वर झोपतो," जावई म्हणाला.

"प्रत्यक्ष पाहावा लागेल."

जावई खुर्चीवरून उठला. "पाहा."

ऑडिटरने त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि कागदावर लिहिलं: साठा जुना, परिणामकारकतेबद्दल शंका. मग त्याने खरी हकीकत ऐकून घेतली आणि चष्मा पुसला. पगार दाखवायचा तर बँकेच्या उताऱ्यात तसं दिसलं पाहिजे, आणि उतारा आपल्याला बदलता येत नाही. बँकेकडून दुरुस्ती आणा. तोवर सही नाही.

"सही नाही, तर भागीदारी नाही," सासऱ्यांनी हळहळून सांगितलं आणि पिन कानात घातली.

जावयाने त्याच दिवशी बँकेत अर्ज दिला. तो असा:

प्रति, माननीय शाखा व्यवस्थापक यांस.

विषय: तपशिलाच्या रकान्यात कीटकाऐवजी नाते नोंदवण्याबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, आमच्या चालू खात्यातून गेलेल्या रकमांसमोर जेथे जेथे 'झुरळ' असे नमूद आहे, तेथे तेथे ते पूर्वलक्षी प्रभावाने 'जावई' असे करण्यात यावे. दोन्ही शब्द तीन अक्षरी असल्याने बँकेस जादा जागा लागणार नाही. खात्यात आलेल्या रकमांसमोरील झुरळे मात्र खरी असून त्यांना हात लावू नये. अन्यथा लोक जावई मारण्यासाठी आम्हांस पैसे देतात असा गैरसमज पसरेल. दोहोंतील फरकाची खातरजमा करण्यासाठी शाखेने एक जबाबदार अधिकारी पाहणीस पाठवावा व पाहणीअंती अर्जदार मनुष्य असल्याचा दाखला, शिक्क्यासह, दोन प्रतींत द्यावा. अर्जदार कार्यालयीन वेळेत तळमजल्यावर व अन्य वेळी पहिल्या मजल्यावर आढळेल. अधिकाऱ्यांनी येताना औषध मारू नये, ही नम्र विनंती.