मी न दाखवलेलं अस्वल

मी एक जुनी दुर्बीण आहे. गळ्यात अडकवायची नव्हे, तर ट्रायपॉडवर उभी राहणारी, लांब नळीची, एका डोळ्याने पाहायची. मित्रांनो, सध्या माझा मुक्काम एका पाहुणेघराच्या कपाटात, सर्वांत खालच्या फळीवर, ओल्या बुटांच्या शेजारी आहे. शेजाऱ्यांच्या वासाबद्दल मी बोलणार नाही. माझी स्वतःचीच मान इतकी खाली गेली आहे, की दुसऱ्याला नावं ठेवायचं तोंड मला उरलेलं नाही.

माझी भिंगं एका कारखान्यात घासली गेली. शेवटच्या टेबलावरच्या तपासनीस बाईंनी माझ्यातून समोरच्या इमारतीच्या खिडक्या पाहिल्या आणि "ही पास" एवढंच म्हटलं. त्या दोन शब्दांनी मी कितीतरी वर्षं मिरवत होते. जे आहे ते दाखवायचं आणि जसं आहे तसं दाखवायचं. दुसरं काही मला येतच नव्हतं.

मला विकत घेतलं ते डोंगरातल्या एका गाइडने. प्राणी-पक्षी पाहायला येणाऱ्या हौशी मंडळींना चार-पाच दिवस डोंगरात हिंडवून आणायचं, हे त्यांचं काम. पाहुणे त्यांना काका म्हणत, म्हणून मीही काकाच म्हणते. काकू पाहुणेघराचं स्वयंपाकघर सांभाळत आणि त्यांची लेक कॉलेज संपवून बापाच्या हाताखाली तयार होत होती. सकाळी काका मला खांद्यावर टाकून खिंडीत नेत, माझे पाय रोवत आणि पाहुण्यांची रांग लावत. "ट्रायपॉडला धक्का लावू नका. एक डोळा मिटा. अहो, तो नव्हे, दुसरा!" हे वाक्य त्यांना रोज म्हणावं लागे. मग एखादा धिप्पाड गृहस्थ माझ्यातून रानबकरीचं पिल्लू पाही आणि लहान मुलासारखा टाळ्या पिटे. मला धन्य धन्य वाटे.

समोरच्या उतारावरचा दगड न् दगड काकांना पाठ होता. अस्वल शोधायची त्यांची रीतही त्यावरच बेतलेली होती. आधी कधी नव्हतं असं काही काळं दिसलं, की मला तिकडे वळवायचं. काळं कधी अस्वल निघे, कधी ढगाची सावली. पण दगड कधीच निघत नसे, कारण दगड सगळे ओळखीचे.

पुढे पुढे काकांना कमी दिसू लागलं. हे फक्त मला कळत होतं. ते माझं फोकसचं चाक पुढे-मागे फिरवत राहत आणि कुठेच थांबत नसत. नजर कमी पडे तिथे ते आठवणीने पाहत, आणि त्यांची आठवण इतकी पक्की होती, की कुणाला शंका आली नाही. बहुधा त्यांना स्वतःलाही नाही.

अशात एका हिवाळ्यात त्या उतारावर दरड कोसळली. बर्फ वितळला तेव्हा मधोमध एक नवा काळा दगड येऊन बसला होता.

हंगामाच्या पहिल्याच सकाळी काकांनी मला तिकडे वळवलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, "अस्वल! झोपलंय. कुणी ब्र काढू नका." फोकस जुळलेला नव्हता. पाहुण्यांना एक धूसर काळा गोळा दिसला, आणि अस्वल पाहायलाच आलेल्या माणसांना त्यात पाठ दिसली, कान दिसले, एकाला तर श्वास घेतानाचं पोटही दिसलं. शेवटी लेक वाकली. तिने सवयीने चाक फिरवलं आणि मी मला येतं तेच केलं. दगड, त्यावरची भेग, भेगेतलं गवत, सगळं स्वच्छ दाखवलं.

तिने मान वर केली. पाहुणे काकांचा हात हातात घेऊन हलवत होते आणि काकांचा चेहरा आनंदाने फुलला होता. लेक पुन्हा वाकली आणि तिने चाक होतं तिथे परत फिरवलं.

मित्रांनो, त्या क्षणी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढची मंडळी आली तेव्हा काका म्हणाले, "नशीब काढलंत, त्याच जागी आलंय!" आणि या खेपेला मला धूसर करायचं काम लेकीने आपणहून केलं. "अंतर फार आहे ना," असं ती पाहुण्यांना सांगे, पण सांगताना कुणाच्या डोळ्याला डोळा देत नसे. माझ्यातून खोटं दिसत होतं आणि लोक मलाच शाबासकी देत होते. ती शाबासकी मला चटके देई.

मग एका गटात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एक बाई आल्या. याआधी दोनदा येऊन त्यांना अस्वल दिसलं नव्हतं. डोळ्याला भिंग लावून काम करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी डोळा लावला आणि न विचारता चाक फिरवलं.

"काका," त्या म्हणाल्या, "हा दगड आहे हो."

सगळे हसले. काकाही हसले. "बाई, तुमचं पाहायचं चुकतंय. तू सांग गं यांना."

लेकीने पायाकडे पाहिलं. "दगडच आहे, बाबा."

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

काका वाकले, त्यांनी पाहिलं, रुमाल काढून माझी काच पुसली, पुन्हा पाहिलं, पुन्हा पुसली. मग ते ताठ झाले. "दुर्बीण बिघडलीय. आत बुरशी धरली असणार. माफ करा, मंडळी."

आणि लेक घाईघाईने म्हणाली, "हो ना बाबा, किती जुनी झालीय ती!"

उतरताना बाईंनी तिला हळूच गाठलं. "काच लख्ख आहे, पोरी," एवढंच त्या म्हणाल्या.

असं सगळं खापर माझ्यावर फुटलं आणि मी कपाटात आले. त्याचं दुःख मी केव्हाच गिळलं. पण माझ्या आडोशाने बापलेक मान वर करून फिरू लागले आणि डोळ्यांचं नाव कुणीच काढलं नाही, याची लाज मला अजून वाटते. तो अख्खा हंगाम तसाच गेला.

पुढच्या वर्षी नवी कोरी दुर्बीण आली. काकांनी ती माझ्या कपाटासमोर, खोलीच्या खिडकीशी उभी केली. काकू दारात, लेक शेजारी. काकांनी चाक पुढे फिरवलं, मागे फिरवलं. त्यांचा हात रुमालाकडे गेला आणि रिकामाच परत आला. ते खुर्चीवर बसले.

"हीसुद्धा तशीच," ते म्हणाले. "म्हणजे ती चांगली होती."

लेकीला रडू आवरेना. "मला माहीत होतं, बाबा. तुमचा चेहरा पडेल म्हणून बोलले नाही."

"अगं, पडलेला चेहरा उचलता येतो," काका म्हणाले, आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

तपासणीत दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. उजवा डोळा शस्त्रक्रियेने सुधारला. डाव्यात मात्र मोतीबिंदू पिकून आतला दाब वाढला होता, त्याला फार उशीर झाला, वर्षभर आधी आला असतात तर काही करता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. "दुर्बिणीला एकच डोळा पुरतो," असं काका आता पाहुण्यांना हसत सांगतात. पाहुणे हसतात. लेक हसत नाही.

मला बाहेर काढायला दोघांनाही शरम वाटते, आणि मीही तशी अपेक्षा करत नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरातलं मोठं माणूस जिना चाचपडत उतरत असेल, चहा कपाबाहेर ओतत असेल, तर त्यांचा मान राखायचा म्हणून गप्प बसू नका. जवळ जाऊन विचारा, "तुम्हाला नीट दिसतंय ना?" जीभ अडखळेल, ते रागावतीलही. तरी विचारा.

सकाळी मंडळी निघतात तेव्हा कपाटाच्या फटीतून मला ते दोघे दिसतात. लेक नेहमी काकांच्या डाव्या हाताला चालते. त्या बाजूची दरी त्यांना दिसत नाही.