चार नंबरची बाटली

"ही जर्मन," म्हातारा एगिद म्हणाला आणि दोन नंबरचा पेला त्यानं बोटांच्या टोकांनी टेबलाच्या मध्यावर ढकलून दिला. "वाईन कमी आणि माफी मागणं जास्त. तोंडाशी येते आणि 'आत येऊ का, आत येऊ का' करत दारातच उभी राहते."

शेजारच्या मळ्याचा सेवेरिन खो-खो हसला. ट्राउडेबाईंनी घोट गालात फिरवला, गिळला, आणि आपल्या कागदावर काहीतरी लिहून त्यावर हात ठेवला. बाईंनी चाळीस वर्षं गावची शाळा चालवली होती. पोरं एकमेकांचं बघून लिहितील ही धास्ती त्यांच्या हातातून अजून गेली नव्हती.

फोल्करनं तो पेला आपल्याकडे ओढला. दोन नंबरची बाटली याच घरची होती. टेकडीवर दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्यांपैकी सर्वांत वरच्या पायरीचा मळा, तिथली द्राक्षं त्यानंच खुडलेली, तळघरात वर्षभर त्यानंच सांभाळलेली. थंडी लवकर आली, वाईन पुरती आंबायच्या आत थांबली आणि जिभेला किंचित गोडी राहिली. फोल्करला ती गोडी आवडली होती. पण आवडणं हे त्या घरात त्याचं काम नव्हतं.

संत मार्टिनच्या सणाचा रविवार होता. दरवर्षी या दुपारी एगिदच्या घरी हंस भाजायचा आणि सहा पांढऱ्या वाईन चाखायच्या, काही इकडच्या, ऑस्ट्रियाच्या, काही जर्मनीच्या. बाटलीच्या मानेवरून गाव ओळखू येतं, म्हणून सगळ्या वाईन सकाळीच एकसारख्या तपकिरी बाटल्यांत ओतायच्या आणि त्यांवर लोकरी मोजे चढवायचे. ज्याच्याकडे नंबरांची चिठ्ठी, त्यानं ओळखायला बसायचं नाही. जेवणानंतर उत्तरं वाचायची, एवढंच. यंदा चिठ्ठी फोल्करकडे होती, सदऱ्याच्या खिशात.

"पिफके गप्प आहे म्हणजे मी बरोबर आहे," म्हातारा म्हणाला.

जर्मन माणसाला चिडवायला इकडे हाच शब्द. फोल्कर एकतीस वर्षं तो ऐकत आला होता. मोझेल नदीकाठचा हा माणूस सव्विसाव्या वर्षी एका हंगामापुरता खुडणीला आला, घरची मुलगी बुर्गी त्याच्या मनात भरली, आणि तो घरजावई होऊन राहिला. घरजावयाचं जगणं कुठल्याही देशात सारखंच. पान आधी वाढतात, विचारतात शेवटी. बाटलीवर अजून नाव होतं 'एगिद आणि कन्या'. सत्तावन्नाव्या वर्षीही पिंप हलवायचं तर तो जिना चढून विचारायला जाई, आणि एगिद म्हणे, "उद्या बघू." तो उद्या कधी कधी महिन्यानं उजाडे.

बुर्गीनं हंस आणला. मागोमाग लाल कोबी आणि बटाट्याचे गोळे.

"बाबा, आधी तंगडी घ्या, मग जगाला नावं ठेवा," ती म्हणाली.

"दोन्ही जमतं मला."

"तेच तर दुखणं आहे," ट्राउडेबाई म्हणाल्या.

तीन नंबर सगळ्यांनी वासावरच ओळखली. मिरीचा झणका होता. सेवेरिनचीच होती ती, आणि तरी तो "कोणाची बरं असेल? काय सुरेख!" असं म्हणत राहिला. बाईंनी त्याला गोळा फेकून मारायची धमकी दिली.

फोल्करचं लक्ष चार नंबरवर होतं.

गुरुवारी त्याच्या बहिणीचा, रोस्विताचा फोन आला होता. तिचे गुडघे गेले होते. नदीच्या वळणावरचा बापाचा उभ्या चढावरचा द्राक्षमळा आता तिच्यानं होत नव्हता आणि गावात तो घेणारं कोणी उरलं नव्हतं. टाकून दिलेल्या वेली तशाच ठेवता येत नाहीत, रोग पसरतो. उपटणारा माणूस सोमवारी सकाळी यंत्र घेऊन येणार होता. "तू येत असलास तर त्याला परत पाठवते," ती म्हणाली होती. "रविवारी संध्याकाळपर्यंत सांग. आणि उगाच माझ्यासाठी म्हणून येऊ नकोस."

फोल्करनं ठरवलं होतं. जायचं. बुर्गी आली तर तिला घेऊन, नाही तर नऊ तासांची वाट जात-येत. पण हे बोलायचं कसं? एकतीस वर्षं न बोललेल्या माणसाच्या तोंडाला गंज चढतो. म्हणून त्यानं बेत केला. रोस्वितानं आधीच धाडलेली तिची शेवटची वाईन चार नंबरच्या मोज्यात घातली. सगळे ती नावाजतील, चिठ्ठी वाचताना तो म्हणेल, ही माझ्या बापाच्या मळ्यातली, आणि मी तिकडे चाललो. बाटली निम्मं बोलेल, निम्मं तो बोलेल.

बुर्गीनं चार नंबर ओतली. म्हाताऱ्यानं पेला नाकाशी नेला आणि तिथंच धरून ठेवला.

त्याचे डोळे चार वर्षांपूर्वीच अंधुक झाले होते. डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. त्यानं एक घोट घेतला, डोळे मिटले, दुसरा घेतला. पेला कलला तशी वाईन त्याच्या मनगटावर सांडली. ती त्यानं पुसली नाही.

"ही आपली," तो म्हणाला. "वरची पायरी."

फोल्करच्या हातातला काटा बशीवर टेकला.

"काका, नक्की?" सेवेरिन म्हणाला.

"माझी आई गेली त्या वर्षी अशी झाली होती. त्यानंतर आज." म्हातारा मान वळवून फोल्कर जिथं बसला होता तिकडे बघू लागला. त्याला तिथं एक सावलीच दिसत असणार. "फोल्कर."

हे नाव त्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. लग्नातसुद्धा त्यानं 'आमचा जर्मन' म्हणून पाहुण्यांना ओळख करून दिली होती.

"मी तुला फार तासलं," एगिद म्हणाला. "लोक म्हणायचे, जावयाला छळतो. छळलंच. पण बघ, जमलं तुला. आता नव्या बाटल्यांवर तुझं नाव घाल. माझं खाली, बारीक."

"मी जर्मन लिहिलंय," ट्राउडेबाई मधेच म्हणाल्या. "पाटीच्या दगडासारखा वास आहे हिला. हे मोझेल आहे, एगिद; तुझी वरची पायरी मी दोनला लिहिलीय. तुझी जीभ म्हातारी झाली."

"बाई, डोळे गेले, कान गेला, ते तुम्हाला दिलं. जीभ नाही देणार. चार नंबर आपली नसेल तर पुढल्या वर्षीपासून मी या टेबलाला बसायचा नाही. ज्याला आपलीच वाईन कळत नाही त्यानं खोलीत बसून सूप प्यावं."

तो हसत म्हणाला. पण तो बोललेलं करणारा माणूस होता, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

पाच आणि सहा नंबर आल्या, प्यायल्या गेल्या. फोल्करला हंसाची चव कळली नाही. पुढं बोलावं तर म्हाताऱ्याची जीभ जाते, गप्प बसावं तर बापाचा चढ जातो. आणि ज्या शब्दासाठी तो एकतीस वर्षं झिजला तो शब्द त्याला मिळाला होता, बहिणीच्या वाईनवर.

"वाच रे बाबा," सेवेरिन म्हणाला. "भांडी कोणी घासायची ते ठरू दे."

फोल्करनं चिठ्ठी काढली. स्वतःचंच अक्षर त्याला नीट लागेना.

"एक. राईनकाठची. जर्मनी."

"लिहिलंय," बाई म्हणाल्या.

"दोन."

तो थांबला. चार नंबरला अजून वेळ आहे असं त्याला वाटत होतं. पण ठरायचं ते दोनवरच ठरणार होतं. घरची वाईन एकच होती.

"दोन," तो पुन्हा म्हणाला. "जर्मनी. मोझेल."

म्हाताऱ्यानं टेबलावर थाप मारली. "सांगितलं नव्हतं? दारात उभी राहते!"

"तीन सेवेरिनची. चार... वरची पायरी. आपली."

एगिदनं रिकामा पेला दोन्ही हातांत धरला.

"दाखव चिठ्ठी," ट्राउडेबाईंनी हात पुढं केला. "चाळीस वर्षांत माझं नाक माझ्याशी खोटं बोललेलं नाही."

फोल्करची बोटं कागदावर घट्ट झाली. तेवढ्यात बुर्गीनं त्याच्या हातातून चिठ्ठी काढून घेतली. एप्रनच्या खिशातला चष्मा काढला, डोळ्यांवर लावला, वरपासून खालपर्यंत वाचली. एकदा नाही, दोनदा.

"बरोबर वाचलंय त्यानं," ती म्हणाली. "बाई, यंदा तुमचे दोन चुकले. पाच-सहा काहीही निघो, भांडी तुमची."

मग उठून तिनं चुलीचं दार उघडलं आणि हाडांच्या तुकड्यांबरोबर चिठ्ठी आत टाकली.

ट्राउडेबाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याच्या हातांकडे. "म्हातारपण," त्या सावकाश म्हणाल्या. "नाकालाही येतं म्हणायचं." आणि बाह्या वर करून त्या नळाशी गेल्या.

पाहुणे गेल्यावर बुर्गी टेबलावरची खरकटी गोळा करत होती.

"दोन नंबर चांगली होती," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "गोडी होती. मला आवडली."

फोल्करनं मान हलवली.

"गुरुवारी रोस्विताचा फोन आधी मीच उचलला होता. मला सगळं माहीत होतं. म्हटलं, आज तू सांगशील. मी बॅगही काढून ठेवली होती माळ्यावरून. दोघांची."

"सांगणारच होतो."

"मग?"

"त्यांनी नाव घेतलं माझं."

बुर्गीनं बशा खाली ठेवल्या. "मीही चूल उघडलीच की," ती म्हणाली. "जा. फोन कर तिला. वाट बघत असेल."

पलीकडे रोस्विता पहिल्याच घंटेला बोलली. "काय म्हणाले तुझे ऑस्ट्रियन? गोड म्हणून हसले असतील."

"सासऱ्यांना आवडली. म्हणाले, ही आमची वाटते."

"बघ तरी! बाबांनी ऐकायला हवं होतं." ती हसली. "आणि उद्याचं?"

"उद्याचं करून टाक," फोल्कर म्हणाला.

तिनं का म्हणून विचारलं नाही. गुडघ्यांना थंडी बाधते एवढं म्हणाली आणि फोन ठेवला.

सोमवारी सकाळी एगिदनं हट्ट धरला की त्याला वर न्या. तीन वर्षांत तो तिथं गेला नव्हता. फोल्करनं त्याला ट्रॅक्टरवर बसवून वरच्या पायरीवर आणलं आणि घोंगडी पांघरून बांधावर बसवलं. पावसानं तिथली भिंत हातभर ढासळली होती. आठ वाजत आले होते. एव्हाना तिकडे बापाच्या चढावर यंत्र चालू झालं असेल.

"फोल्कर, तो पसरट दगड घे," म्हातारा काठीनं दाखवत म्हणाला. "खाली घाल, कोपऱ्यात. तिथलाच आहे तो. मी ओळखतो."

दगड तिथला नव्हता. जागा निमुळती होती आणि दगड रुंद, कोणाही डोळसाला दिसलं असतं. फोल्करनं तो दोन्ही हातांनी उचलून पोटाशी धरला, कोपऱ्यात टेकवला, आणि हातोडी घेऊन त्याच्या कडा एकेक करून उडवू लागला.

"बसतोय का?" एगिदनं विचारलं.

"बसतोय, बाबा."