बेंदराची तारीख

बाबा गेल्यानंतर सतराव्या दिवशी त्यांच्या ईमेलवर एक पत्र आलं. मी ते खातं बंद करायलाच बसले होते. 'आदरणीय मोहनराव सर' अशी सुरुवात होती. बाबा गेल्याचं लिहिणारीला माहीत नव्हतं.

तिचं नाव राजनंदिनी. शेणकिड्यांच्या एका गटाचा ती नव्याने अभ्यास करत होती. कळसच्या माळावर सापडलेल्या एका शेणकिड्याचं वर्णन बाबांनी १९८८ साली छापलं होतं. ज्यांच्या जनावरांमागे तो सापडला, त्या गेणबा आबांवरून त्यांनी त्याला 'गेणबाई' हे शास्त्रीय नाव दिलं होतं. त्याच वर्षी आणखी दोघांनी सोलापूरकडच्या एका शेणकिड्याला 'दोन शिंगांचा' अशा अर्थाचं लॅटिन नाव दिलं. दोन्ही मूळ नमुने राजनंदिनीने शेजारी शेजारी ठेवून पाहिले होते. किडा एकच होता.

बाबा गेल्याचं मी कळवलं, तेव्हा तिने फोन केला. थोडा वेळ आम्ही दोघीही किड्याबद्दल बोललो नाही. मग मीच विचारलं, "हे ठरवतं कोण? कोर्टासारखं काही असतं का?"

"आयोग आहे, ताई. पण तिथवर फार थोडी प्रकरणं जातात. बाकीची तारखेवर मिटतात. ज्याचं आधी छापून लोकांच्या हातात पडलं, त्याचं नाव टिकतं. त्या दोघांचा लेख चौदा सप्टेंबरचा आहे, तशी नोंदच आहे. सरांचा लेख कॉलेजच्या वार्षिक अंकात आला आणि अंकावर नुसतं १९८८ छापलंय. नुसतं साल असलं की नियमाने एकतीस डिसेंबर धरायचा."

"म्हणजे बाबा हरले."

"अंक सप्टेंबरच्या आधी कुणाच्या हातात पडला होता, असा पुरावा मिळाला तर नाही. ग्रंथालयाचा शिक्का, पोस्टाचं पाकीट, काहीही बघा. मला महिनाभर थांबता येईल."

मी पुढचे पंधरा दिवस घर उपसलं. बाबा तारखेच्या बाबतीत फार कडक होते. होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्यांत ते किडे भरत आणि प्रत्येक बाटलीत गाव, दिवस आणि स्वतःचं नाव लिहिलेली चिठ्ठी घालत. चिठ्ठी नसेल तर तो नमुना नाही, नुसता मेलेला किडा, असं ते विद्यार्थ्यांना सांगत. किराणा आणल्याची तारीखसुद्धा डब्यावर टाकायचे. अशा माणसाचा लेख महिना नसलेल्या अंकात अडकला होता. अंकाच्या त्यांच्या स्वतःच्या प्रतीवर काही लिहिलेलं नव्हतं. कॉलेजच्या ग्रंथालयात त्या वर्षीचं दाखल रजिस्टर सापडलं नाही.

मग आठवलं, बाबांनी एक प्रत गेणबा आबांना दिली होती.

मी बारामतीहून गाडी काढली आणि कळसला पोचले तेव्हा उन्हं चढली होती. आबा ओसरीवर बसले होते. वय ऐंशीच्या पुढे, पण पाठ ताठ. बाबांच्या दहाव्याला ते येऊन, कुणाशी न बोलता परत गेले होते. शकुमावशी, त्यांच्या पत्नी, सुपात ज्वारी घेऊन निवडत होत्या. मी कशासाठी आले ते दोघांना सांगितलं, पण तारखेचा सगळा नियम काही सांगितला नाही. नावावर वाद आहे आणि जुना अंक बघायचाय, एवढंच म्हटलं.

"वाद? शेणकिड्यावरनं?" मावशी म्हणाल्या. "जमिनीवरनं ऐकला व्हता, बांधावरनं ऐकला व्हता."

"तू गप ग. तुला काय कळतंय त्यातलं."

"मला न्हाय कळत. गावाला कळतंय की. तीस वरसं झाली, शेण दिसलं की पोरं म्हणत्यात, आबाचं खानदान निघालं बगा."

आबा हसले. त्या हसण्यात अपमान अजिबात नव्हता. आत जाऊन त्यांनी ट्रंकेतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला अंक आणला. सोबत सातबाऱ्याचे उतारे होते, मुलाच्या लग्नाची पत्रिका होती.

पहिल्याच पानावर बाबांचं अक्षर होतं, निळ्या शाईतलं. 'श्री. गेणबा यांस, ज्यांनी हा किडा मला दाखवला. बेंदूर, १९८८.' खाली सही.

बेंदूर म्हणजे बैलांचा सण, आषाढातला; फार तर जुलैअखेर. चौदा सप्टेंबरच्या पुष्कळ आधी. मग मी फोटो काढला आणि राजनंदिनीला पाठवला. पाच मिनिटांत तिचं उत्तर आलं: 'हे पुरेसं आहे, ताई. सरांचं नाव राहतं.'

मी मोठ्याने वाचून दाखवलं.

"ऱ्हायलं न्हवं?" आबांनी विचारलं.

"राहिलं, आबा. आता जगभर त्या किड्याला तुमच्याच नावाने ओळखतील."

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पुन्हा घातली. "सर पायजे व्हते आज," एवढंच म्हणाले.

मावशींनी चहा टाकला. कप हातात देताना त्यांनी विचारलं, "काय लिवलंय म्हणायचं त्यात?"

"बेंदराला अंक दिला, असं."

"बेंदराला कुठला? दिवाळीत दिलाय. म्या सरांना करंज्या बांधून दिल्या, तुझ्यासाठनं. तू तवा बारकी व्हतीस."

"बेंदराला आलतं की सर," आबा म्हणाले.

"आलतं. हात हलवत आलतं. तुमीच म्हणलात न्हाय का, सरांचं तोंड एवढंसं झालंय म्हणून?"

अंकाच्या पानाकडे आबांनी बघितलं, मग माझ्याकडे. "व्हय. खरंय तिचं. बेंदराला पुस्तक देतो म्हणून सरांनी कबूल केलतं. पर छापखान्यात कारखान्याचा वार्षिक अहवाल आडवा आला, ते काम आधी घेतलं त्यांनी. सर लई वरमलं. मग दिवाळीत घिऊन आलं आणि बेंदूर लिवलं. म्हणलं, आबा, शब्द दिला तवाची तारीख टाकतो."

मी कप खाली ठेवला. किराण्याच्या डब्यावर तारीख टाकणारा माणूस, आणि आबांसाठी त्याने आयुष्यात एकदा चुकीची तारीख लिहिली.

गप्प बसणं सोपं होतं. निरोप गेला होता, उत्तर आलं होतं, आणि ओसरीवरच्या तिघांशिवाय कुणाला काही माहीत नव्हतं. पण राजनंदिनी ते छापणार होती, आणि ते खोटं बाबांच्या अक्षरात छापलं जाणार होतं. म्हणून मी दोघांना सगळा नियम सांगितला. दिवाळी धरली तर ते दुसरे दोघं आधी ठरतात आणि आबांचं नाव जातं, हेही सांगितलं.

मावशींचे हात सुपात थांबले. "मग म्या कशाला बोलले," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे ना बेंदूरच. कोण बगाय येतंय हितं?"

आबांनी अंक मिटून बाजूला ठेवला. मग त्यांनी विचारलं, "त्या दुसऱ्यांनी कुठं धरला?"

"सोलापूरच्या बाजूला."

"त्यांनीबी शेणातच हात घातला असंल की. त्यांचं आधी झालं तर झालं." मग म्हणाले, "माझं नाव पार खोडणार का?"

"खोडत नाहीत. त्यांच्या नावाखाली बारीक अक्षरात राहतं. बाबांचं नाव आणि सालही राहतं."

"म्हंजे सातबाऱ्यावर इतर हक्कात."

"तसंच काहीसं."

"भनीचं नाव हाय माझ्या, तसं." त्यांनी मान हलवली. "लिव. पर एक कर पोरी. सरांनी खोटं लिवलं, असं लिवू नगंस."

मी तिथेच बसून निरोप लिहिला. तीनदा खोडला. शेवटी लिहिलं: 'अंकावर लिहिलेली तारीख तो द्यायचं ठरलं होतं त्या दिवसाची आहे. छपाईला उशीर झाला. प्रत्यक्षात तो दिवाळीत हातात आला.' आबांना वाचून दाखवलं. "व्हय, असं," ते म्हणाले. मी पाठवला.

या वेळी उत्तराला वेळ लागला. 'कळलं, ताई. मग दिवाळीच धरावी लागेल. ही माहिती कुणी दिली, त्यांचं नाव लेखात द्यावं लागतं. कुणाचं देऊ?'

मी विचारलं. आबा म्हणाले, "हिचं टाक. म्या तर इसरलो व्हतो."

"माझं कशाला? म्या घालवलं, आणि माझंच नाव?" मावशी म्हणाल्या. पण मी लिहीत असताना त्यांनी सूप बाजूला ठेवलं, आणि बाईचं पूर्ण नाव लिहिताना नवऱ्याचं नाव मध्ये येतं का, हे विचारलं. येतं, असं मी सांगितलं.

"मग घाल," त्या म्हणाल्या.

आबा तेवढ्यात उठून गोठ्याकडे गेले होते. अंक ओसरीवरच राहिला होता. मी तो पिशवीत गुंडाळून त्यांना नेऊन द्यायला उठले, तशी मावशींनी हातानेच मला बसायची खूण केली. ते गाईपाशी आमच्याकडे पाठ करून उभे होते. आम्ही दोघी ज्वारी निवडत बसलो.