बारा नंबरचे अठ्ठावन्न गोल

आमच्या भागातल्या रविवार फुटबॉल लीगमध्ये आजवर सगळ्यात जास्त गोल कुणी केले, याची यादी मी काढली. मी म्हणजे आम्रपाली, नववी पास, शाळेच्या टीमची गोलकीपर. लीगला चाळीस वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघणार होती, आणि जुन्या स्कोअरबुकांचा ढीग बघून सगळे मागे सरकले. मी पुढे सरकले. गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात हजेरीसुद्धा तोंडातल्या तोंडात द्यायचे. पण डिसेंबरात फायनलला दोन पेनल्टी अडवल्या आणि तेव्हापासून मला वाटतं, आपण काहीही अडवू शकतो.

काम किचकट होतं. जुने रेफ्री गोल करणाऱ्याचं नाव लिहायचेच नाहीत, नुसता जर्सीचा नंबर. तो नंबर कुणाचा, हे टीमने त्या वर्षी दिलेल्या यादीत बघायचं. मी आणि माझ्या मैत्रिणीने, शेफालीने, सुट्टीतले अठरा दिवस त्यात घातले. पहिले दोघे ठरलेलेच निघाले, त्यांचे फोटो लीगच्या ऑफिसात टांगलेत. तिसरा निघाला दशरथ ओव्हाळ. मैत्री स्पोर्ट्स, विश्रांतवाडी, नंबर बारा. नऊ सीझन, अठ्ठावन्न गोल. हे नाव कुणीच ऐकलेलं नव्हतं, आणि मला तर आनंदाने उड्याच माराव्याशा वाटल्या.

लीगचे सेक्रेटरी अनिरुद्ध सर यांना तसं काही वाटलं नाही. त्यांनी कागद लांब धरून वाचला.

"हे ओव्हाळ कोण? आपले कुणी नातेवाईक?"

मी नाही म्हटलं. सर म्हणाले, तीस वर्षं मी मैदानावर येतोय, तिसऱ्या नंबरचा माणूस मला दिसला नाही असं होणार नाही. मी म्हटलं, सर, तुम्ही फोटोतल्यांकडेच बघत असाल. शेफालीने मागून माझी सॅक ओढली. शेवटी असं ठरलं की शनिवारी सहाला पानं छापायला जाणार. तोवर मी ओव्हाळांचा फोटो आणि सहीचं पत्र आणलं, तर यादी माझ्या नावानिशी छापायची. नाहीतर जुनी यादी होतीच, अर्धी चुकीची, तीच पुन्हा.

चार दिवस मी वणवण केली. मैत्री स्पोर्ट्सच्या जागी आता जिम आहे. जिमवाल्याने शेजारच्या सलूनमध्ये पाठवलं, सलूनवाल्याने त्याच्या वडिलांना फोन लावून दिला, आणि वडील म्हणाले, दशरथ होय, तो येरवड्याला राहतो.

शनिवारी तीन वाजता मी त्यांच्या दारात. जय भीम म्हटलं, सगळं सांगितलं. त्यांच्या सूनबाई, दीपालीवहिनी, इतक्या खूश झाल्या की फोटोसाठी सासऱ्यांच्या शर्टाला इस्त्रीच करायला बसल्या. दशरथकाका सरकारी गाडीवर ड्रायव्हर होते, आता रिटायर. त्यांनी चष्मा लावून माझा कागद दोनदा वाचला.

"मी तीन मॅच खेळलो, बाळा. गोल एकही नाही. एकदा बॉल बारला लागला होता, तोसुद्धा वाऱ्याने."

मला वाटलं, गंमत करतायत. नव्हते करत. पहिल्या वर्षी त्यांनी फॉर्म भरला, मग नोकरी लागली आणि रविवारी ड्युटी आली. नवीन खेळाडू घ्यायचा तर शाळा सोडल्याचा दाखला लागायचा. तो कोण शोधत बसणार? टीमचे मॅनेजर रंगराव दर वर्षी जुनीच यादी उतरवून द्यायचे. अकरा जण ठरलेले. बारा नंबरची जर्सी त्या रविवारी जो मोकळा असेल त्याच्या अंगात. कुणी कारखान्याची नाइट करून थेट आलेला, कुणी परीक्षेसाठी गावाहून आलेला. एकदा तर भावाला बोलवायला आलेल्यालाच घातली.

"मग हे गोल केले कुणी?" मी विचारलं.

"ज्याला सुट्टी होती त्याने."

वहिनींनी इस्त्री बंद केली. म्हणाल्या, करून टाका ना सही, पोरगी उन्हातून आलीय. खरं सांगते, मलाही तेच वाटत होतं. अठरा दिवस गेले होते माझे. पेन मी बॅगेतून काढूनसुद्धा ठेवलं होतं.

"मी केले असते तर मलाच आवडलं असतं गं," काका म्हणाले आणि कागद परत दिला. मग आठवून आठवून चार नावं सांगितली. चेतन, आनंद, एक सुदर्शन आणि लातूरकडचा उत्तरेश्वर, तो डाव्या पायाचा. आडनावं आठवेनात.

पावणेसहाला मी ऑफिसात. धापा टाकत सगळं खरं सांगितलं.

"अच्छा, म्हणजे सत्कार जर्सीचा करायचा," अनिरुद्ध सर म्हणाले. "हरकत नाही. हार हँगरला घालू."

मी म्हटलं, 'बारा नंबर, वेगवेगळे खेळाडू' असं लिहा, ती चार नावं खाली द्या. ते म्हणाले, यादी माणसांची असते. बाकीचं त्यांनी तपासलं होतं म्हणे, ते ठीक आहे, ही ओळ गाळू, चौथा तिसरा होईल. मला इतका राग आला की आवाज चिरकला. अठ्ठावन्न वेळा बॉल आत गेलाय, अठ्ठावन्न वेळा कुणीतरी जाळ्यातून तो उचलून आणलाय, आणि ते काम काय असतं ते मला विचारा.

"ती ओळ गाळणार असाल तर माझंही नाव गाळा."

मला वाटलं, थांबतील. त्यांनी लाल पेन काढलं आणि खोडलं. इतक्या चटकन त्यांनी माझं आजवर काहीच ऐकलं नव्हतं.

यादी छापून आली. छापलंय ते सगळं बरोबर आहे, तीच तर कटकट आहे. मी रोज दशरथकाकांना फोन करते, उत्तरेश्वरचं आडनाव आठवलं का म्हणून. ते म्हणतात, अगदी ओठावर आहे. आज नववा दिवस.