भीत भीत गेली

“मावशी, माझ्या हातात असतं ना, तर आत्ता पायात चपला सरकवून निघालो असतो,” पाळकसाहेब म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

मावशी खुर्चीच्या कडेवर अवघडून बसल्या होत्या. नखांत पीठ वाळलेलं होतं. चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या वेळी सगळी मंडळी ज्या पावाचा तुकडा तोंडात घेई, तो पाव लग्न होऊन आल्यापासून मावशीच भाजत आल्या होत्या. लहानथोर सगळे त्यांना पाववाल्या मावशीच म्हणत. त्यातलाच एक घास आज त्यांना लेकीसाठी हवा होता.

“डॉक्टरांनी हात टेकलेत, साहेब. घरी आणलंय तिला. बाकी काही मागत नाही पोरगी. एकदा प्रभुभोजन द्या म्हणते.”

“तिनं त्या माणसापासून वेगळं व्हायला हवं, तरच...”

“आता? अहो, तोच तिला कुशीवर वळवतो, तोच तिचं अंथरूण धुतो. पहिल्या नवऱ्यानं तर हात मोडला होता तिचा. ते लग्न तेवढं खरं?”

पाळकसाहेब वाईट नव्हते. पोरीनं पहिल्या नवऱ्याचं घर सोडलं, तेव्हा तिची पेटी आणायला तेच गेले होते. पण पुढे तिनं एका नळदुरुस्तीवाल्याशी कचेरीत जाऊन लग्न केलं. पहिला नवरा जिवंत आहे, तेव्हा हे लग्नच नव्हे, असा निकाल वरच्या धर्मपंडितांनी दिला आणि तिला प्रभूच्या मेजापासून लांब ठेवलं.

“मी पुष्कळ शोधलं, मावशी. सकाळपासून तेच करतोय. मोठमोठ्या जाणकारांनी एकसुद्धा वाट मोकळी ठेवलेली नाही.”

“आणि प्रभूनं?”

“त्याचं म्हणणं काय, हे समजून घ्यायलाच तर या लोकांनी जन्म घालवलाय.”

“घालवला असेल. पण तो वाळीत टाकलेल्यांच्याच घरी जेवायला जायचा ना? तुम्हीच सांगता. तेव्हाही शिकलेली माणसं दारात उभी राहून नाकं मुरडत होती.”

पाळकसाहेबांनी मान खाली घातली. “मला तो अधिकार नाही हो.”

“मग ज्याला आहे, त्यालाच विचारते,” म्हणत मावशी उठल्या.

घरी येऊन त्यांनी स्वयंपाकघरात गुडघे टेकले. आवाज वगैरे काही आला नाही. पण छातीतली धडधड हळूहळू निवली, आणि त्यांना तेवढं पुरलं. पावाचा तुकडा बशीत, घोटभर द्राक्षरस पेल्यात, असं घेऊन त्या खोलीत गेल्या.

नळवाला पायथ्याशी बसून तिचे तळवे चोळत होता. बशी बघताच तो उठला. “मी बाहेर थांबतो. माझ्यामुळे अडायला नको.”

“काही अडत नाही. बसा.”

लेकीनं डोळे उघडले. पाव बघून तिचा चेहरा असा उजळला, की मावशींना वाटलं, जिंकलं.

“साहेब आले?”

“नाही गं. मीच देते. प्रभूला विचारून आणलंय.”

“पण साहेब हो म्हणाले ना?”

एका शब्दाचं काम होतं. ‘हो’ म्हटलं की झालं. पण ज्याच्यापुढून आत्ताच उठून आल्या, त्याच्या नावानं खोटं मावशींच्या तोंडून निघेना.

“नाही म्हणाले,” त्या पुटपुटल्या.

“मग नको, आई.”

“अगं, तो तुला नाही म्हणणार नाही. मला ठाऊक आहे.”

“तुला कसं ठाऊक असेल? ते केवढे शिकलेत.” तिला धाप लागली. “मला घ्यायचाय गं. खूप घ्यायचाय. पण चुकून तो रागावला तर? मला आता त्याच्याकडेच जायचंय ना.”

मावशींनी समजावलं, विनवलं, शेवटी रडून पाहिलं. तिनं ओठ घट्ट मिटले आणि तोंड भिंतीकडे केलं. आईचं मनगट मात्र तिनं सोडलं नाही. ऊन खिडकीतून सरायच्या आत ती गेली. बशीतला पाव तसाच होता.

पाळकसाहेब दफनाला आले. “आम्ही हिला देवाच्या हवाली करतो,” ते म्हणाले.

सगळे पांगल्यावर मावशी त्यांच्याजवळ गेल्या. आवाज चढवला नाही. “हेच काल म्हणाला असतात, साहेब, तर माझी पोर भीत भीत गेली नसती.”

रविवार आला. या वेळी पाव येत नाही, असंच सगळ्यांनी धरलं होतं. पण मावशींनी भाजला होता. माणसांवरचा राग प्रभूवर काय काढायचा, असं त्यांना वाटलं. देवळाच्या पायरीवर त्यांनी पिशवीतला पाव पाळकसाहेबांच्या हातात दिला आणि त्या वळल्या.

“मावशी, आत या ना.”

“नको. माझं माणूस बाहेर उभंय.”

फाटकापलीकडे नळवाला उभा होता. इतकी वर्षं मावशी त्याला ‘अहो’, ‘ऐकलं का’, असं म्हणून वेळ मारून नेत आल्या होत्या. त्याला नात्यानं हाक मारली, तर मंडळीनं न मानलेलं लग्न आपण मानलं असं होईल, या धास्तीनं. आज फाटकाशी सगळी मंडळी ऐकत असताना त्या म्हणाल्या, “चला, जावईबापू. घरी जाऊन जेवू या.”

त्याला मान वर करता येईना. त्यानं त्यांच्या हातातली रिकामी पिशवी तेवढी घेतली आणि त्यांच्या चालीनं चालू लागला.