बेचाळीस कुंड्यांचं बिल

बिल खोटं असावं अशी पहिली शंका दिगंबरपंतांना आली ती गवतामुळे.

१९२४ सालचा वैशाख होता. सकाळी फिरायला म्हणून ते लालबागेच्या बाजूला गेले होते. सातपुड्याकडून झिरपणारं पाणी तिथे जमिनीखालच्या जुन्या बोगद्यातून शहराच्या हौदांकडे येतं, आणि त्या बोगद्यावर थोड्या थोड्या अंतराने विहिरीसारख्या खोल कुंड्या आहेत. यातल्या बेचाळीस कुंड्यांचा गाळ गेल्या महिन्यात उपसल्याचं बिल दिगंबरपंतांच्या टेबलावर पडलं होतं. कुंडीमागे चार रुपये, एकूण एकशे अडुसष्ट. आणि इथे कुंडीच्या तोंडाभोवती वाळलेलं गवत गुडघ्याएवढं, ताठ उभं. दहा माणसं ओल्या गाळाच्या टोपल्या ओढत असती तर ते असं राहिलं असतं का? ते पुढच्या कुंडीपाशी गेले. तिथेही तेच. तिसरीच्या तोंडावर कोळ्याचं जाळं होतं.

दिगंबरपंत निवृत्त पोस्टमास्तर. दोन वर्षांपासून ते पाणी कमिटीचे बिनपगारी चिटणीस होते. कमिटीचा टाक आणि शाई ते घरच्या पत्राला वापरत नसत, आणि त्यावरून लोक त्यांची थट्टाही करत. लोकांनी पाणीपट्टी म्हणून भरलेला एकेक आणा त्यांना कुणीतरी विश्वासाने ठेवायला दिलेल्या वस्तूसारखा वाटे.

घरी येऊन त्यांनी बिल पुन्हा काढलं. खाली देखरेख्याचा शेरा होता : ‘सर्व कुंड्या समक्ष पाहिल्या. काम बरोबर.’ आणि सही. सही अनंतची होती. अनंत त्यांचा जावई. कमिटीत देखरेख्याची जागा रिकामी झाली तेव्हा त्याचं नाव दिगंबरपंतांनीच सुचवलं होतं.

त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

दोन दिवसांनी ते लेकीकडे गेले. कुसुमच्या ओसरीवर शिवणाचं नवं कोरं मशीन होतं. तिने हौसेने चाक फिरवून दाखवलं. “नाना, बघा किती बारीक टीप येते!”

“केवढ्याला घेतलंस?”

“एकशे दहाला. हप्त्यांनी.”

“आणि पहिला हप्ता कुठून दिला?”

कुसुमचा हात चाकावरच थांबला. “साठवलेले होते,” ती म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली. आत जरा जास्तच वेळ लागला असं दिगंबरपंतांना वाटलं.

अनंतचा पगार तीस रुपये. घरभाडं चार, दाणागोटा, गावी आईला पाठवायचे पाच. परतताना रस्ताभर ते बेरीज-वजाबाकी करत होते. शेवटी न राहवून ते मशीनच्या दुकानात शिरले आणि इकडचं तिकडचं बोलून त्यांनी विचारलंच. दुकानदाराने वही पाहून सांगितलं, “वीस रुपये रोख, बाकी महिन्याला सहा. बाई स्वतः येऊन देऊन गेल्या, पंत. का हो?”

“सहज,” दिगंबरपंत म्हणाले. त्यांचे कान तापले होते. पण बाहेर पडताच मनाने पुढचा प्रश्न काढला : ते वीस तरी कुठले?

शुक्रवारी कंत्राटदार लीलाधर शेठ स्वतः घरी आला. बिल अडकलंय, मजूर पैशांसाठी दारात बसतात, असं म्हणाला. मग तो पुढे सरकला.

“पंत, सही तर घरचीच आहे. जावयाच्या सहीवर सासऱ्याने शंका घ्यायची म्हणजे लोक हसतील की हो. घरातली गोष्ट घरातच बरी.”

“तुम्ही अनंतरावांना काही दिलंय का?”

शेठ हसला. “देण्याघेण्याचं कोण बोलतंय?” एवढंच म्हणून तो उठला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. तेवढ्या हसण्याने दिगंबरपंतांची खात्री पटली. आता जावयाचा नमस्कार, त्याचं मान खाली घालून बोलणं, कुंड्यांचा विषय निघाला की पानाला चुना लावत बसणं, सगळ्याचा एकच अर्थ त्यांना दिसू लागला.

मंगळवारी कमिटीची बैठक होती. सोमवारी सकाळी ते दोर घेऊन लालबागेकडे निघाले. बरोबर दगा नावाचा मजूर होता. गाळ काढण्याचं काम तो वडिलांपासून करत आलेला, या कामावरही तोच होता. दिगंबरपंतांनी त्याला दिवसाची मजुरी स्वतःच्या खिशातून आधीच दिली.

“साहेब, तुम्ही नका उतरू,” दगा म्हणाला. “खाली अंधार शे. मी जाऊन सांगतो ना.”

“तू सांगशील ते मी लिहीन, आणि मग कुणीतरी म्हणेल दगा खोटं बोलतो. मलाच पाहू दे.”

दगाने आधी कंदील सोडून हवा पाहिली. ज्योत विझली नाही तेव्हा त्याने आणि त्याच्या भावाने फळीवर बसवून साठ वर्षांच्या त्या माणसाला सावकाश खाली सोडलं. भिंतीवर चुन्यासारखे पांढरे थर होते. वरचं आकाश ताटाएवढं झालं, मग वाटीएवढं. तळाशी पाय टेकले ते पोटरीपर्यंत चिखलात रुतले. पाण्याची धार बाजूने कशीबशी वाट काढत होती. दिगंबरपंतांनी काठी खुपसली. सव्वा हात गाळ.

अशा सात कुंड्या त्यांनी दुपारपर्यंत पाहिल्या. सातवीतून ते दमून वर आले. दगाने त्यांना बाभळीच्या सावलीत बसवलं.

“खरं सांग दगा. किती साफ केल्या?”

“रस्त्याकडच्या नऊ. मग शेठ म्हणे, बस झालं. बाकीच्यात बठ्ठा, सगळा गाळ तसाच शे.”

“आणि अनंतराव? ते काय म्हणाले?”

“ते कशाला म्हणतील? ते तर कुंडीजवळ यायचेच नाही. तिकडे लांब झाडाखाली बसायचे. एकदा मी बोलावलं, साहेब, वाकून तर पहा. तर त्यांना घाम फुटला. ओकले बिचारे.”

दिगंबरपंत चिखलाच्या पायांनी तसेच जावयाच्या घरी गेले. अनंतने त्यांच्या पायांकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. तो उभ्याउभ्याच बोलू लागला.

“मी दहा वर्षांचा होतो. थोरला भाऊ विहिरीचा गाळ काढायला उतरला आणि आत गुदमरला. मी काठावर दोर धरून होतो. तेव्हापासून मला खोल तोंडाजवळ उभं राहवत नाही. पण नोकरी हवी होती, आणि तुम्ही शब्द टाकला होता. शेठ म्हणाला झालं सगळं, मी सही केली. एक पैसा घेतला नाही, नाना.”

“मग ते मशीन?”

आतून कुसुम बाहेर आली. “लग्नात मामाने दिलेल्या पाटल्या मोडल्या मी. शेजारणींच्या चोळ्या शिवून हप्ते भरते. तुम्ही दुकानात जाऊन चौकशी केलीत ना? त्याने मला सांगितलं. पाटल्या मोडल्याचं तुम्हाला सांगवेना, म्हणून साठवलेले म्हणाले. पण संशय होता तर सगळ्या बाजारात विचारण्याआधी मला सरळ का नाही विचारलंत?”

“तू खरं सांगितलं असतंस?”

बोलून गेल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो ते. कुसुम पाठ फिरवून आत गेली.

मंगळवारच्या बैठकीत दिगंबरपंतांनी कागद न घेता सांगितलं. साफ झालेल्या कुंड्या नऊ, म्हणून शेठला छत्तीस रुपये द्यावेत, बाकी बिल फेटाळावं आणि पुढचं काम त्याला देऊ नये. देखरेख्याने न पाहता सही केली, ही लोकांच्या पैशाशी बेइमानी आहे, त्याला कामावरून काढावं. एक सभासद म्हणाला, “पंत, जावई आहे. ताकीद देऊन भागवू.”

“दुसऱ्या कुणाला तुम्ही ताकीद दिली असती का?”

अध्यक्षांनी ठराव लिहायला टाक उचलला.

“आणखी दोन गोष्टी लिहून घ्या,” दिगंबरपंत म्हणाले. “त्याने लाच घेतलेली नाही. ती घेतली असं मी इतके दिवस मनात धरून होतो, तो माझा अन्याय. आणि त्याला ही जागा जमेल की नाही हे न पाहता शिफारस मी केली. तीही न पाहता केलेलीच सही. मी चिटणीसपद सोडतो.”

अध्यक्षांनी थांबवायचा प्रयत्न केला, पण ते राहिले नाहीत. उरलेल्या तेहतीस कुंड्या दगाच्या टोळीने रोजंदारीवर उपसल्या. ज्येष्ठ लागायच्या आत हौद काठोकाठ भरू लागले. बायका पाणी भरताना कुणाचं नाव घेत नव्हत्या, पण पाणी कमी येतं ही ओरडही थांबली होती.

अनंतला महिनाभर काम नव्हतं. मग एका जिनात कापूस तोलून घेण्याची जागा मिळाली. पगार पाच रुपयांनी कमी. तो सासऱ्यांना रस्त्यात भेटला तर थांबून बोलायचा. एकदा म्हणाला, “खरं सांगू? आता झोप लागते.”

कुसुम मात्र आली नाही. राखी झाली, पोळा झाला. शेवटी दिगंबरपंतच एका दुपारी तिच्या दारात जाऊन उभे राहिले.

“बिलाचं जे केलं ते पुन्हा तसंच करीन,” ते म्हणाले. “पण तुला चोराच्या ओळीत बसवलं, ते चुकलं. संशय आला तेव्हा सरळ तुझ्याकडे यायला हवं होतं. आणि आल्यावर तुझ्या शब्दावर विश्वास ठेवायला हवा होता.”

कुसुम तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं नाही. सुपातला एक खडा वेचून तिने बाजूला टाकला.

“उन्हात उभे राहू नका,” ती म्हणाली. “आत येऊन बसा.”

ते आत जाऊन बसले. तिने सूप बाजूला ठेवलं आणि त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या आणून ठेवला.