बंद झाकणाचा विडा

दिएपने तो नवस केला तेव्हा तिला सोळावं वर्ष लागलं होतं. व्हिएतनाममधल्या ह्वेच्या राजवाड्यात सम्राटांच्या शंभर बायकांत आणखी एक म्हणून तिची पाठवणी व्हायची होती, आणि त्या सकाळी आईने तिला नदीकाठच्या देवळात नेऊन करुणामयी देवीपुढे बसवलं होतं. दिएप हात जोडून म्हणाली, "देवीआई, सम्राटांनी एकदा, फक्त एकदा माझ्या विड्याच्या डब्याचं झाकण उचलावं. तोवर मी स्वतः पानाला तोंड लावणार नाही." जिथे लेकीसुना दिवसभर पान चघळतात आणि लाल ओठांवाचून बाईचा चेहरा अपुरा दिसतो, तिथे हा नवस काही साधा नव्हता.

वाड्याची रीत अशी होती, की दिवस मावळताना प्रत्येकीने आपल्या हाताने विडा करायचा, आपल्या लाखेच्या डब्यात ठेवायचा, आणि सगळे डबे सम्राटांपुढे ओळीने मांडले जायचे. जिच्या डब्याचं झाकण ते उचलतील, तिला बोलावणं. दिएपचा विडा पंख मिटलेल्या पक्ष्यासारखा देखणा असे. चौदा वर्षं तो जसाच्या तसा परत आला.

मग सम्राट गेले. त्यांच्यामागे वर्षभरात तीन राजे गादीवर आले आणि संपले, फिरंग्यांनी राजधानी पेटवली, एक राजा डोंगरात पळाला आणि त्याच्या भावाला फिरंग्यांनीच गादीवर बसवलं. पण शहराबाहेर, पाइनच्या झाडांतल्या सम्राटांच्या समाधीपाशी यातलं काही पोचलं नाही. मागे राहिलेल्या राण्यांनी मरेपर्यंत तिथेच सेवा करायची होती. सकाळी तोंड धुवायला कोमट पाणी, दुपारी ताट, संध्याकाळी अंथरूण, आणि मावळतीला विडे. म्हातारा खोजा लुओंगकाका डबे रिकाम्या आसनापुढे मांडी, उदबत्ती संपेपर्यंत थांबे आणि परत आणी. त्यात कुणाला वावगं वाटत नसे. गेलेल्या माणसाचं पान आपण वाढतोच की.

सम्राट गेल्याच्या विसाव्या वर्षी, तळ्यात कमळं फुलायच्या दिवसांत, एक डबा उघडा परत आला. आत विडा नव्हता. डबा ख्वेताईंचा, तोवर उरलेल्या अकराजणींतल्या सगळ्यांत थोरल्या.

"उंदीर असेल," लुओंगकाका म्हणाला.

उंदीर झाकण काढून शेजारी नीट उताणं ठेवत नाही, हे दिएपच्या मनात आलं. दुसऱ्या दिवशी ख्वेताई उठल्याच नाहीत. त्यांचे ओठ ताजे लाल होते, आणि चेहऱ्यावर असं काही सुख होतं, की तो झाकताना बायकांनी एकमेकींकडे पाहायचं टाळलं.

दुसऱ्या डब्यानंतर त्या भ्यायल्या. तिसऱ्यानंतर मात्र भीती कुठल्या कुठे गेली आणि पेट्यांतून जुने रेशमी झगे बाहेर निघाले.

"काय गं बिक, गालांना लाली? या वयात?" दिएपने विचारलं.

"वयाचं तू बोलू नकोस. मला त्यांनी हयातीत दोनदा बोलावलंय. तुझ्या झाकणाला तर बुरशी चढली असेल."

"लाखेला बुरशी येत नाही."

"मग तुला आली असेल!"

सगळ्या हसल्या. दिएपही हसली. चार दिवसांनी बिकचा डबा उघडा आला. तिने घाईघाईने केस धुतले, मावळत्या उन्हात ते मोकळे सोडून बसली, आणि दिएपचा हात धरून हळूच म्हणाली, "माझं बोलणं मनावर घेऊ नकोस गं. तुझ्याबद्दल सांगते त्यांना."

सांगितलं की नाही, कोण जाणे. पाऊस लागेपर्यंत दहाही जणी गेल्या आणि आसनापुढे एकच डबा उरला. दिएपने चुना कमी करून पाहिला, सुपारी कोवळी घेतली, पक्ष्याचे पंख उघडे ठेवले, पुन्हा मिटले. एवढ्याशा विड्यात आपलं काय चुकतं, ते काही तिला कळेना.

"काका, खरं सांगा. झाकणं तुम्ही उचलता?"

"माझी काय बिशाद, बाईसाहेब! मी पाठ करून बसतो." मग थोडं थांबून तो म्हणाला, "पण ऐकू येतं."

"काय?"

"चघळल्याचं."

दिएपने झग्याचं टोक बोटाला गुंडाळलं. "माझ्या डब्यापाशी... थांबतात का हो?"

लुओंगकाका सम्राटांच्या तोंड पुसायच्या, कोरड्याच राहिलेल्या टॉवेलची पुन्हा घडी घालू लागला.

महिन्याभराने एका संध्याकाळी तो लगबगीने आला. तोंडापुढे बाही धरली होती. पुढे केलेल्या हातात डबा होता, उघडा आणि रिकामा. "बाईसाहेब," तो बाहीआडून म्हणाला, "आलं हो तुमचं बोलावणं."

दिएपने केस धुतले. सोळाव्या वर्षीचा हिरवा झगा काढला. तो अजून अंगाला बसत होता. हात मांडीवर ठेवून ती वाट पाहत बसली, आणि बसल्या बसल्याच उजाडलं. पाखरं ओरडू लागली, उंबऱ्यावर ऊन आलं, आणि पोटात भूक जागी झाली, तेव्हा तिला कळलं की आपण जिवंत आहोत.

लुओंगकाका आसनासमोरच्या खांबाला टेकून बसला होता. अंग थंडगार पडलं होतं. जन्मात पान न खाल्लेल्या त्या म्हाताऱ्याचे ओठ लालभडक होते, आणि मुठीत तिच्या विड्याचा चोथा होता. तिचं मन राहावं म्हणून त्यानेच झाकण उचललं होतं, हे तिला लगेच समजलं. पण डोळ्यांत पाणी आलं ते त्याच्यासाठी नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावरही ख्वेताईंच्या चेहऱ्यावर होतं तेच सुख होतं.

त्यालासुद्धा, तिच्या मनात आलं. त्यालासुद्धा नेलं.

आता डबा ती स्वतःच मांडते. पाठ करून बसते. काही ऐकू येत नाही. ओठ अजून कोरे आहेत.

तर बायांनो, देवी दयाळू आहे, दिएपच्याही नवसाला ती पावेल. तुम्ही एवढंच करा. उद्या दिवस मावळताना एक विडा जास्तीचा करा, डब्यात ठेवा, झाकण लावा, दिएपचं नाव घेऊन हात जोडा, आणि उदबत्ती संपेपर्यंत पाठ करून बसा. मग वळून पाहाल तेव्हा झाकण शेजारी उताणं ठेवलेलं दिसलं, तर भिऊ नका. केस धुवा.